आम्ही धुऊन टाकलेला रस्ता

सुमन आक्का, अण्णांची दोन्ही मुलं, गावातली वडीलधारी मंडळी, आणि बेळगावहून आलेले अण्णांच्या ऑफिसातले साहेब, मॅडम.

तुम्ही सगळे आलात. निपाणीकडून आलात, खानापूरकडून आलात. कामधंदा टाकून आलात. आणि बोलायला उभा कोण, तर मी. हेडमास्तर म्हणाले, "तू आठ महिने त्यांची गाडी चालवलीस, चार शब्द बोल." मी कागदावर लिहून आणलंय. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

भरमाण्णांना जाऊन आज बारावा दिवस.

गावात त्यांना पावडरवाले अण्णा म्हणायचे. चोरी झाली, खून झाला, की पोलिसांबरोबर अण्णा त्यांची पेटी घेऊन जायचे. ब्रशनं पावडर लावून बोटांचे ठसे उचलायचे. पारावरची मंडळी विचारायची, "अण्णा, आज कुणाच्या कपाटाला पावडर लावलीसा?" अण्णा म्हणायचे, "तुझ्याच घरला येतो उद्या, कपाट उघडं ठेव." लई हसायचे लोक.

मी तेव्हा लोंढ्याहून परत आलो होतो. स्टेशनाबाहेरच्या खानावळीत होतो तिथं. त्याआधी गोव्यात, त्याआधी ट्रकवर. लोंढ्याला एक बरं असतं, कुठली ना कुठली गाडी निघतच असते, माणसाला वाटतं आपणपण... असो. ते राहू दे. अण्णांनी मला पारावर धरलं आणि म्हणाले, "तुला फिरायचंच हाय न्हवं? मग पगार घेऊन फीर." ऑफिसच्या गाडीवर कंत्राटी ड्रायव्हर हवा होता. असा मी लागलो.

पहिल्याच आठवड्यात सांबऱ्याला चोरांनी एक घर फोडलं होतं. अण्णा आत काम करत होते. मला तहान लागली. खिडकीत पाण्याचा पेला होता, तो मी उचलला आणि प्यालो. अण्णांनी बघितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "गार हुतं काय रं?" मी म्हटलं, व्हय. "मग ये हिकडं, बोटं दे." दहाच्या दहा बोटांना शाई लावली. म्हणाले, "आता तुझे ठसे बाजूला काढायला पायजेत. न्हाईतर साहेब चोर म्हणून तुलाच शोधत बसतील." अजून ते माझे ठसे सरकारकडं आहेत. चोरानं तोच पेला धरला असेल का? माझ्या तहानेनं त्याचे ठसे पुसले गेले असतील का? अण्णांनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही. मीच विचार करायचो.

अण्णा आत शिरले की आधी दोन मिनिटं काहीच करायचे नाहीत. दारात उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागं धरून. नुसतं बघायचे. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "हात पुढं असला की काहीतरी उचलतोयच रं. आधी डोळं, मग हात." मग फोटो, मग मोजमाप, मग उचलायचं. ओलं कापड सावलीत वाळवून कागदात बांधायचं, प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की नासतं. वर लिहायचं, कुठून उचललं, कुणी उचललं, कुणासमोर, कुणाच्या हातात दिलं. एक सही राहिली तर वकील त्याच जागी बोट ठेवणार. अण्णा म्हणायचे, "चोर धरणारे वेगळे. जे पडलंय ते हाय तसं कोर्टाच्या दारापतुर न्यायचं, एवढंच माझं काम."

एवढंच. किती सोपं वाटतं.

खानापूरकडच्या एका गावात एक बाई मेली होती. आम्ही पोचलो तर घर शेणानं सारवलेलं, उंबरा धुतलेला, दारात रांगोळी. एक आजी बाहेर आली. म्हणाली, "साहेब येणार म्हणून समदं लख्ख केलंय बघा." अण्णा उंबऱ्यावर बसले. आजीनं आणलेला चहा प्याले. पेटी उघडलीच नाही. परतताना गाडीत म्हणाले, "त्यांनी वाईट काय केलं रं? घरात माणूस मेलेलं, आणि तसंच ठेवायचं? कुणाला बघवंल? पर आता मी काय उचलू?"

मंडळी, हे मी का सांगतोय, ते तुम्हाला कळलं असेल. काही जणांनी माना खाली घातल्यात.

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला अण्णा स्कूटरवरून बेळगावला निघाले. फाट्यावर एका गाडीनं त्यांना उडवलं आणि ती थांबली नाही. मी पोचलो तेव्हा अण्णांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर त्यांचं रक्त होतं. चप्पल होती. हेडलाइटच्या काचा विखुरलेल्या. स्कूटरच्या बाजूला हिरव्या रंगाचा ओरखडा, एवढा, वीतभर. अण्णांची स्कूटर तर पांढरी.

मी सगळं बघितलं. बघितलं, मंडळी.

तेवढ्यात फोन आला, अण्णा गेले. फाट्यावर जमलेली माणसं रडायला लागली. कोण तरी म्हणालं, "आपल्या अण्णांचं रगत हाय, गाड्यांच्या चाकाखाली यायला नको." बरोबरच होतं ते. आपल्याकडं असंच करतात. आपल्या माणसाचं रक्त तुडवू देत नाहीत. हॉटेलातनं बादल्या आल्या. पहिली बादली कुणी ओतली? मी. खराटा कुणी घेतला? मी. काचा गोळा करून चरीत कुणी लोटल्या? मी. वर हळद टाकली, फुलं ठेवली. मग स्कूटर ढकलत अण्णांच्या दारात नेली. आक्कांच्या नजरेला रक्त पडू नये म्हणून साबण लावून धुतली, चोथ्यानं घासली. तो हिरवा ओरखडासुद्धा घासला. निघेपर्यंत घासला.

पोलीस आले तेव्हा रस्ता वाळला होता.

तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही मायेनं केलं. मला ठाऊक होतं. आठ महिने त्या माणसाच्या शेजारी बसून मी दुसरं काय ऐकत होतो? तेवढ्या वेळात सगळं डोक्यातनं गेलं. फक्त एवढं वाटलं, की आपल्या अण्णांचं आहे, स्वच्छ करावं.

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. इथं पुढं बसल्यात त्या. अण्णांनीच त्यांना शिकवलं. अण्णांचीच पेटी त्यांच्या हातात होती. फाट्यावर येऊन दोन मिनिटं उभ्या राहिल्या, हात पाठीमागं धरून. मग विचारलं, "काचा कुठल्या बाजूला होत्या?" मी दाखवलं. चर तर जेसीबीनं उपसून नेलेली. मग स्कूटर बघितली. आरशासारखी चकाचक. मॅडम म्हणाल्या, "अण्णांच्या गाडीवर तुम्हीच होता न्हवं?" एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाट्यावरचा कॅमेरा बंद होता. गाडी कुणी बघितली नाही. कुणी म्हणतं टेम्पो, कुणी म्हणतं पिकअप. कागदावर 'अनोळखी वाहन' लिहिलंय. तेच राहणार. चरीतली एखादी काच आता कुणाला सापडली, तरी कोर्टात कोण विचारणार नाही काय, ही कुठून आली, कुणी उचलली, कुणासमोर? त्या सगळ्या जागा कोऱ्या आहेत. त्या मी कोऱ्या ठेवल्या.

आक्का, तुम्ही मला परवा जेवायला वाढलंत. म्हणालात, "तू लई केलंस रं त्या दिवशी, स्कूटर धुतलीस, मला बघवलं नसतं." मी ताट तसंच ठेवून उठलो. का उठलो, ते आज सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही माफ करू नका. मी उद्या गाव सोडून जाणार होतो, बॅग भरलेली आहे. पण कुठं जाऊ? कुठल्याही रस्त्यावर गेलो तरी पहिलं काय बघणार? प्रत्येक हिरव्या गाडीचा हेडलाइट बघणार.

संपलं. कागदही संपला.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. हात जोडू नका, मंडळी. फोटोला हारही नंतर घाला. अण्णा ज्यासाठी जगले ते त्यांच्यासाठी आपण त्या दिवशी केलं नाही, निदान आज करू. काही उचलू नका, काही पुसू नका. डोळे उघडे ठेवा.

हात पाठीमागं घ्या.