सोवळ्यातला प्रोग्रॅम

नाही हो, बरोबर ऐकलंत. काढायची नाही, घालायची आहे. विंडोज. ह्याच लॅपटॉपवर. जुनी डिस्क काढून ठेवा, नवी बसवा, तिच्यावर घाला. असे काय बघता — हो, झाकणावर ‘मुक्त सॉफ्टवेअर, मुक्त माणूस’ चिकटवलंय, मीच चिकटवलंय, हसा खुशाल. फक्त दार जरा लोटून घेता का? आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या ग्रुपमधला एक जण समोरच बसतो, त्यानं पाहिलं तर संध्याकाळपर्यंत माझी वरात निघेल.

त्याचं काय आहे — आमचा एक प्रोग्रॅम आहे. आमचा म्हणजे माझाच, बाकीचे येतात, भांडतात, जातात. पाणीपुरवठ्याचं गणित करतो तो. कुठल्या गल्लीत केवढा पाइप, टेकडीवरच्या घरात पाणी चढेल की नाही — सगळं. फुकट. आतला कोड उघडा, कुणीही बघा, बदला. फक्त चालणार लिनक्सवर — विंडोजच्या जागी घालायची ती, फुकट आणि तीही उघडी. विंडोजवर का नाही? अहो, तत्त्व! आपण उघड्यावर स्वयंपाक करायचा आणि कुणाच्या कुलूपबंद घरात नेऊन वाढायचा? — असं मी सभांमधून बोलायचो. टाळ्या पडायच्या. निम्मे माझेच विद्यार्थी असायचे, पण पडायच्या. लोक लिहायचे, साहेब, आमच्या ऑफिसात विंडोजच आहे, काहीतरी करा. मी काय उत्तर द्यायचो? ‘ऑफिस बदला.’ जिभेला हाड नाही, दुसरं काय! बरं, तेवढ्यावर थांबावं ना? नाही. विंडोजवर कुणी सुरू करायला गेलंच तर पडद्यावर एक ओळ यायची सोय केली — ‘आधी घर स्वच्छ करा, मग या.’ काय खूश होतो मी त्या ओळीवर! हिला वाचून दाखवली, तर म्हणाली, एक दिवस तोंडघशी पडाल. बायकोचं कोण ऐकतं.

तर पडलो. मुलगी माझी पाणीखात्यात लागली, नवीनच. तिथे कुठलासा महागडा प्रोग्रॅम घ्यायचं चाललं होतं, तर ही उठून म्हणाली, थांबा, माझ्या बाबाचा आहे, फुकट आहे आणि जास्त चांगला आहे. सगळे साहेब खुर्च्या ओढून बसले. हिनं मोठ्या पडद्यावर सुरू केला — हो, विंडोजवर. तिला माहीत नव्हतं? अहो, घरी लिनक्सशिवाय काही पाहिलंय कुठे तिनं! आली ना ओळ, भिंतभर. मोठ्या साहेबांनी मोठ्यानं वाचली म्हणे. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलते, मी फोन घेतला की मीटिंग असते.

म्हणून हा खटाटोप. मी बसून तो विंडोजवर चालता करतो आणि तिला पाठवतो. किती वेळ लागेल? काय माहीत... आता मात्र हसू नका हं. मला ते येत नाही. एकदा गुपचूप करून पाहिलं होतं, पार बोऱ्या वाजला — आणि मग ते तत्त्व सुचलं. नाही, म्हणजे तत्त्व खरंच आहे, खोटं नाही, पण सुचलं नंतर. हे बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला का सांगत बसलोय कोण जाणे. तुम्ही स्क्रू काढा.

थांबा, फोन. मुलगीच! — हं, बोल गं... कोणी केलं?... तू? अगं, पण ते... चालतोय? टेकडीवरचा दाब बरोबर देतोय?... हो, कोड उघडाच आहे, कुणीही करावं, मीच सांगत आलोय... हं... ऐकतोय.

ठेवला. करून टाकलं हो तिनं! ऑफिस सुटल्यावर बसून, एकटीनं. बापाला जे जमलं नाही ते. माझ्याकडे पाठवलंय. म्हणाली, ‘मूळ प्रोग्रॅममध्ये घेणार असाल तर घ्या, नाहीतर मी वेगळी चूल मांडते.’ मांडू शकते, उघडा कोड घेऊन आपला वेगळा प्रोग्रॅम काढायची आमच्यात मुभाच असते, त्याचं काही नाही. पण ‘असाल’ म्हणाली. ‘घ्या’ म्हणाली. बोलायला लागल्यापासून ‘ए बाबा’ करणारी पोरगी ती — आज अहो-जाहोवर आली.

आत्ताच्या आत्ता घेतो मी ते. द्या लॅपटॉप. सगळा खोललात? हो, मीच सांगितलं, तुमची काय चूक. मग तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर द्या जरा. काय आहे त्यावर? विंडोज? चालेल हो, चालेल — सरका तुम्ही.