माडाच्या वाट्याचं पाणी

रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या रांगेत प्राप्ती उभी होती. कान मात्र पुढच्या सासूसुनेकडे. नव्या घराच्या स्वयंपाकघरात मधोमध ओटा होणार होता आणि सुनेला त्यावर दुसरा सिंक हवा होता.

"भिंतीला एक सिंक हाय ना?"

"तो भांड्यांचा, आई. हा मासळीचा."

"मासली मागल्या दारी धुवायची. ते पानी माडाला जातं, म्हनून तर एवढे नारल लागतात."

"मग पाइप माडाच्या बुंध्याशी सोडू."

"आनि माझ्या मांजरी?"

"खिडकीत बसतील."

"सगल्याला उत्तर हाय हिच्याकडं! पन एवढा हट्ट कशाला?"

"लग्नाला दोन वर्षं झाली, मला अजून बोंबील साफ करता येत नाही. तुम्ही मागल्या दारी, मी आत. शिकू कुठून?"

सासूनं तोंड फिरवून पाण्याकडे पाहिलं. प्राप्तीला वाटलं, बिनसलं.

लाँच लागली. रांग सरकली, सासू हलेना.

"गवंड्याला फोन लाव."

"नको म्हणून सांगू?"

"मासलीच्या सिंकला जाली बारीक बसव म्हनावं. तुझ्या हातनं सुटलेला बोंबील थेट माडाला जायचा!"