फुकटचं फूल

फुलांवर जीव असलेला माणूस वाईट नसतो. पापीतेच्या धक्क्यावर, मोओरेआ बेटाच्या बोटीच्या रांगेत असा एक माणूस माझ्यापुढे उभा होता. त्याची बायको पिशवी भरून माहेरी निघाली होती.

"हेइपुआ, अगं फुलाचा फोटो आहे तो. फुकट मिळाला, म्हणून फोनवर लावला."

"फुलामागे बाई आहे, तेइहोतू."

"ती फुलाबरोबरच आली. वेगळी काढून देत नाहीत."

"आणि फूल उजव्या कानावर! मी मोकळी आहे, असं सांगतेय बया."

"अख्ख्या जगाला सांगतेय, मला एकट्याला थोडंच? बरं, थांब. फोटो फिरवायची सोय आहे यात. हे बघ, फूल आलं डाव्या कानावर. झालं तिचं लग्न."

"म्हणजे आता दुसऱ्याची बायको खिशात घालून चर्चला येणार तू?"

"अगं, मी अभ्यास करतोय. खाली फुलाची सगळी माहिती दिलीय."

"वाच की मग. मोठ्यानं वाच."

"तिआरे. पाकळ्या पांढऱ्या. संध्याकाळी वास वाढतो."

"दारात तीन झाडं आहेत आपल्या. त्यांचा वास कधी आला नाही तुला. पुढे वाच."

"पुढे काही नाही."

"एक ओळ आहे. दिसतेय मला."

"छायाचित्रातील फूल प्लास्टिकचे आहे."

बोट लागली. हेइपुआ चढली. तिची पिशवी उचलून तेइहोतूही मागोमाग चढला, पण त्याच्याकडे तिकीट नव्हतं, म्हणून त्याला उतरवलं.