व्हायोलिन सुरू झालं की

खराब? कॅसेट खराब नाही साहेब. या दुकानातून कधी उडालेला बल्ब बाहेर गेला नाही, तर खराब कॅसेट जाईल होय? द्या इकडे. काय म्हणालात, शेवटी काहीतरी गाळलंय? दीपगृहाचा म्हातारा कंदील घेऊन जिना चढायला लागतो, व्हायोलिन सुरू होतं, मग एक झटका बसतो, पडद्यावर आडवी रेघ येऊन जाते आणि एकदम वर दिवा लागलेला – हेच ना? बरोबर आहे. ते असंच आहे आणि असंच पाहिजे. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, तो मी विमा एजंटासाठी ठेवलाय. इथे बसा. आणि आता मला सांगा, तुम्हाला काय, म्हातारा एकेक पायरी चढताना बघायचा होता? जिना कधी पाहिला नाही का तुम्ही? परवाच तर जिन्यासाठी म्हणून गोल दिवा घेऊन गेलात माझ्याकडून. जिना चढायला लागला म्हणजे तो वर पोचणार, एवढं ज्याला कळत नाही त्याने सिनेमा बघू नये, सरळ जिन्यात जाऊन बसावं.

रागावू नका. तुम्ही या गल्लीत नवे आहात, माणूस बरा दिसलात, म्हणून तर कॅसेट दिली. मी या कॅसेटी विकत नाही आणि भाड्यानेही देत नाही. माझा धंदा बल्ब, वायर, होल्डर, पंखे. ही मागची फळी फक्त पारखलेल्या माणसांना. आणि पारखून दिली तरी काय होतं ते बघतोच आहे – शेवट कुठाय, शेवट कुठाय! हल्ली लोकांना सगळं ताटात वाढून पाहिजे, वर घास भरवून पाहिजे. माझा पुतण्या भिंतीएवढा टीव्ही घेऊन बसलाय. एकदा मला मानाने बोलावलं, म्हणाला, काका, तुमचे ते जुने हॉलिवूडवाले आता रंगीत झालेत. गेलो. बघतो तर काय, त्या बिचाऱ्या नायिकेच्या गालांवर गेरू फासलेला, आणि नायकाचा कोट पोपटी! आजीचा लग्नातला फोटो काढून तिला लिपस्टिक लावावी, तसं. मी म्हटलं, बाळा, उजेड आणि सावली यांच्यावर मी आयुष्यभर पोट भरलंय, मला रंग शिकवू नकोस. उठून आलो. त्याची बायको चहा घ्या चहा घ्या म्हणत दारापर्यंत आली, पण चहा प्यायलो नाही. म्हटलं, तोही रंगवलेला असेल.

मी शाळा अर्धी सोडलेला माणूस. पण जुना सिनेमा मला विचारा. त्या लोकांची एक तऱ्हा होती साहेब, ती तुमच्या शिकलेल्यांच्या नजरेस येत नाही. सांगू? मरण दाखवायचं नाही. बस. हसू नका. माझ्या फळीवरची एकूणएक कॅसेट घेऊन जा आणि एक प्रेत काढून दाखवा. आता ते युद्धावरचं चित्र घ्या. पोरं आगगाडीत बसून निघतात, आया रुमाल हलवतात, तोफा धडाडतात, धूर होतो – झटका – आणि लगेच लग्नाचा बँड! अख्खं युद्ध झालं आणि एक माणूस पडला नाही. हल्लीचे काढतात ते बघा, आपण खुर्चीत नीट बसेपर्यंत तीन जण गेलेले असतात. आणि दुसरं ते, वाड्यात पाहुणे जमतात त्याचं. रात्रीचं जेवण, दारं बंद, बाहेर वादळ. सकाळी तो मिशीवाला गुप्तहेर येतो आणि एकेकाला विचारत सुटतो – तुम्ही कुठे होतात, तुम्ही काय ऐकलंत, तुमचा हात का थरथरतोय. सगळे घामाघूम. कशाबद्दल? तेच तर! कशाबद्दल ते सांगतच नाहीत. नुसता संशय. खून दाखवून रहस्यपट कोणीही काढेल हो, खुनाशिवाय काढायला अक्कल लागते.

आणि सभ्यता बघा. त्या काळच्या चित्रांत चांगला माणूस एकदा तरी असा छातीवर हात ठेवतो – असा – आणि थोडा वाकतो. नमस्काराची पद्धत असणार त्यांची. वडीलधाऱ्यांच्यात जास्त. हात छातीवर, मान किंचित खाली, आणि तेवढ्यात झटका, पुढचं दृश्य सुरू. लांबण नाही. व्हायोलिन रडायला लागलं रे लागलं की दिग्दर्शक कात्री चालवतो. रडू द्यायचंच नाही प्रेक्षकाला. याला संयम म्हणतात.

हे मी वाचनालयातल्या सरांना सांगितलं होतं. निवृत्त झालेत, सिनेमावर व्याख्यानं देतात, दहा जण झोपायला येतात. त्यांनी माझ्याशी वाद घातला. म्हणे, त्या जहाजावरच्या चित्रात जहाज बुडतं. मी म्हटलं, सर, जहाज बुडत नाही, जहाज हलतं. झुंबर हलतं, कप घरंगळतो, आणि मग किनारा. वाट्टेल तितक्या वेळा बघितलंय मी. ते म्हणाले, तुम्ही दिवे विका. चारचौघांत म्हणाले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. बल्बसुद्धा समोरच्याकडून घेतात. आठवड्यात उडतो. परवा दारातून जाताना नवीन बल्ब पिशवीत लपवत होते. मी मुद्दाम विचारलं, काय सर, जहाज बुडालं का?

अहो, या कॅसेटी आल्या कुठून तेही ऐका, म्हणजे कळेल मी का तोंड वर करून बोलतो ते. मला झटका आला होता. हृदयाचा. इथेच, त्या शिडीवर, पंख्याचा खोका काढताना. मग कितीतरी महिने वरच्या खोलीत आडवा. डॉक्टर म्हणाले, जिना नाही, दुकान नाही, मनाला धक्का नाही, वर्तमानपत्रसुद्धा नको. आता दिवे विकणाऱ्याने छताकडे बघत पडायचं म्हणजे काय! बरं, छतावरचा होल्डर वाकडा, तोही मीच लावलेला. मी तर मनाने आटोपलोच होतो. बायकोला सांगूनही टाकलं होतं, दुकान तुझ्या भावाला दे म्हणून. तिने ऐकलं आणि खाली जाऊन दुकानातला व्हिडिओ वर आणून जोडला. तेव्हा टीव्हीवर दुपारी हे जुने काळे-पांढरे सिनेमे लागायचे. दुपारी मी गोळीच्या गुंगीत. ही बिछान्याशी लॅम्पशेड शिवत बसायची – आमच्या सगळ्या शेड तीच शिवते, आत्ताही वर तेच चाललंय – आणि सिनेमा कॅसेटवर उतरवून ठेवायची. जाहिराती नकोत म्हणून थांबवायच्या बटणावर बोट ठेवून. जाहिरात आली की दाबायचं, संपली की सोडायचं. इंग्रजी शब्द कळत नाही हो तिला, पण हात असा बसला होता की एकही जाहिरात आत शिरली नाही. संध्याकाळी उशा रचून मला बसवायची आणि लावायची.

तिला स्वतःला सिनेमाची आवड नाही. शेजारी बसायची, पण बघायची माझ्याकडे. मी म्हणायचो, अगं तिकडे बघ, माझ्या थोबाडावर काय लागलंय? तर म्हणायची, बघितलाय मी दुपारी. डोळे लाल असायचे, कापडाची धूळ जाते म्हणायची. गाढवाला गुळाची चव काय, म्हणून मी नाद सोडला.

आणि एका संध्याकाळी हाच लागला. तुम्ही नेलात तोच. दीपगृहाचा म्हातारा. माझ्यापेक्षा थकलेला, दम लागलेला, बायको खाली दारात उभी, समुद्रात मुलाचं जहाज, आणि वर दिवा विझलेला. त्याने कंदील उचलला आणि जिन्यावर पाय ठेवला साहेब – आणि पोचला की! दिवा लागला, जहाज वळलं, बायको किनाऱ्यावर उभी राहून हात हलवतेय. मी रात्रभर तो जिनाच बघत होतो. म्हटलं, तो एवढा चढला आणि मला खिडकीपर्यंत जाता येऊ नये? दुसऱ्या दिवशी गेलो खिडकीपर्यंत. मग दारापर्यंत. मग एक दिवस हिला न सांगता जिना उतरून या गल्ल्यावर येऊन बसलो, आणि आजतागायत बसलोय. डॉक्टर म्हणतात औषधाने झालं. म्हणू देत, त्यांनाही पोट आहे.

तर अशी ही कॅसेट आहे आणि तुम्ही मला सांगताय, खराब.

हे काय काढलंत? डिस्क. कोणाची, मेव्हण्याची? हाच सिनेमा? अख्खा, स्वच्छ केलेला. धुतलेला म्हणा ना. हे बघा, मेव्हण्याने दिलेल्या वस्तूवर माणसाने विश्वास ठेवू नये, हे मी मेव्हणा असून सांगतो. हे कंपनीवाले चार फालतू तुकडे मागून जोडतात आणि अख्खा म्हणून विकतात. – नाही, लावतो की! घाबरतो का मी? इथला टीव्ही त्यासाठीच आहे, गिऱ्हाइकाला अँटेना दाखवायला, आणि खाली डिस्कचा प्लेयरही आहे. लावतो, आणि मग तुम्ही ही डिस्क घेऊन सरांकडे जा, दोघं मिळून बघा.

पुढे घ्या. अजून पुढे. हां, हे वादळ. चित्र स्वच्छ आहे, मान्य करतो. इतकं स्वच्छ की खडक पुठ्ठ्याचा आहे ते दिसायला लागलं, याला सुधारणा म्हणायचं. हा म्हातारा. कंदील उचलला. व्हायोलिन. आता बघा हं, आता झटका –

– झटका नाही.

चढतोय. चढू दे. सांगितलं ना, फालतू तुकडे जोडतात. थांबला. भिंतीला टेकला. छातीवर हात ठेवला, बघा, मी म्हणालो नव्हतो? नमस्कार. पण कोणाला करतोय? जिन्यात तर कोणीच नाही.

थांबा. बोलू नका.

पुन्हा चढतोय.

लागला. दिवा लागला. लागला ना? मग आता का बसतोय तो खाली? शेवटच्या पायरीवर कशाला बसायचं, दिवा तर लागला. – कंदील पडला. – अहो, तोंड काय दाखवताय त्याचं एवढं जवळून. बंद करा. ते बंद करा आधी. नाही, असू दे. ही कोण? बायको. तिचं हात हलवणं यानंतर आहे? म्हणजे ती अजून खालीच आहे. तिला माहीतच नाही.

बंद करा.

भिकार काम. मी सांगतो ना, भिकार. पैसे परत मागा. अशी चित्रं काढतात म्हणून तर – नाही नाही, काही होत नाहीय मला, पाणी नको. बसा तुम्ही. मी फक्त हिशेब लावतोय. झुंबर हलतं, कप घरंगळतो, आणि मग किनारा. सरांचं जहाज. वाड्यातले पाहुणे एवढे घामाघूम का होते. आगगाडीतली ती सगळी पोरं. शब्द कळत नव्हते तिला. व्हायोलिन सुरू झालं की दाबत असणार. कधी जरा उशीर झाला, तर एखाद्याचा छातीवरचा हात तेवढा राहून गेला.

मी तिथेच होतो हो. हाताच्या अंतरावर, घोरत. आणि ही एका हाताने बटण दाबून एकटीच बघत बसली, रोज दुपारी एक सिनेमा. सगळी मढी तिने बघितली आणि संध्याकाळी मला लग्नाचा बँड लावून दिला. वर मी तिला म्हणायचो, तुला सिनेमातलं काय कळतं!

ऐका, पायऱ्या वाजतायत. बाराची गोळी घेऊन येतेय. ती डिस्क पिशवीत टाका. आत, अजून आत, कोपरा दिसतोय. आणि हे बघा, तुम्ही चांगले आहात, नवीन आहात, पण तिच्यासमोर एक शब्द काढलात तर या दुकानात पुन्हा पाय ठेवू नका. तिला वाटतं मला माहीत नाही. तसंच राहू द्यायचंय मला. आणि सरांना मी काय ते बघून घेईन. नाही बघणार. जहाज हलतं. शेवटपर्यंत हलतंच.

– काही नाही गं, हे साहेब, गोल दिवा घेऊन गेलेले. कॅसेट परत करायला आलेत. फार आवडली म्हणतात. काय छान उतरवलीय, म्हणत होते, जाहिरात म्हणून एक नाही. शेवट तर विशेषच आवडला. काय हो साहेब? – बघ, मान हलवतायत. आण ती गोळी. माझे डोळे? काही नाही, त्या वरच्या फळीवरची धूळ. नाही चढलो शिडीवर, विचार यांना.

बरं, निघा आता साहेब, शटर अर्ध्यावर ओढायची वेळ झाली. आणि दुसरी कॅसेट मागू नका, आज नाही देणार. तो दिवा मात्र आजच्या आज लावून घ्या. जिन्यात उजेड असलेला बरा. या.