वहाणा गेल्या बारामतीला

न्हाय, तुमीच सांगा मला, मानसाच्या वहाणा पिशवीत घालून कुनी मुलाखतीला जातं का? जातं का? फायली नेत्यात, फोटू नेत्यात, डबा नेत्यात... म्हाताऱ्या आज्याच्या वहाणा? आन त्या बी कसल्या, टायरच्या, एकेक अर्ध्या किलोची! माझी नात, ती दिपाली, सकाळच्या एसटीनं गेली भिगवणला, तितनं बारामतीला, आन मी बसलोय हितं अनवाणी! एप्रिलचं ऊन, पायरीवर भाकरी टाकली तर फुगंल. तुमाला सांगतो, चौऱ्याहत्तर वर्सं झाली ह्या म्हस्कूला, आख्ख्या पळसदेवाच्या वहाणा मी लपवल्या, माझ्या लपवायची कुनाची छाती झाली न्हवती... आन तुमी सगळी अशी वहाणा मांडीवर घिऊन का बसलाय वो? पायरीखाली काढायच्या सोडून? बरं बरं, बसा. ज्याची त्याची आवड.

तर कुठं हुतो... हां, मुलाखत. कसली मुलाखत? राखणदारीची! हसू नका. मी हसलो, आन बघा माझं काय झालं. पोरगी बारावी झाली तवा दादासो म्हनला, दादासो म्हंजी माझं पोरगं, तिचा बाप, मानसाशी बोलतो कमी आन उसाशी जास्त, त्यो म्हनला, "नर्सिंग कर." ही म्हनली, "न्हाय. मी सिक्युरिटी आन लॉस प्रिव्हेन्शनचा डिप्लोमा करनार." आमची सारजा, म्हंजी माझी बायकू, चुलीम्होरनं म्हनली, "त्ये वाकून करत्यात का बसून?" आन शेजारचा हिंदुराव, कारखान्याचा सभासद, सभंला इस्त्रीची टोपी घालून पयल्या रांगंत झोपनारा, त्यो आला घसा खाकरत, "अहो म्हस्कूराव, वॉचमन व्हायाला कालिज लागतं व्हय? काठी न् शिट्टी मी देतो की, फुकाट!"

आता आजा म्हनून मी पोरीची बाजू घ्यायची का न्हाय? मी काय म्हनावं? म्हनलं, "शिट्टी कशाला, तुमचं कुत्रंच द्या कालिजात घालून, त्येला निदान रातचं दिसतं!" सगळी हसली. हिंदुराव हसला, सारजा हसली, दादासोसुदिक हसला, त्यो तर म्हशीनं लाथ मारली तरी हसत न्हाय. पोरगी तेवढी हसली न्हाय. तितंच गप बसायला पायजे हुतं मी... पर गप बसला तर म्हस्कू कसला?

गेली वो ती. वरीसभर एसटीचं धक्कं खात गेली. आली की सांगायची, आगीचं काय करायचं, कॅमेऱ्यात काय बघायचं, कायदा काय म्हंतो, रिपोर्ट कसा ल्हायचा. मला म्हनायची, "आबा, दुकानं हायत, दवाखानं हायत, गोदामं हायत, एमआयडीसी हाय, इमानतळ हायत, समद्यांना मानसं लागत्यात. पयलं गार्ड, मग सुपरवायझर, मग ऑफिसर." मी म्हनलं, "मग चोर किती धरायचं दिसाला?" तर कपाळाला हात लावला तिनं. "आबा, चोर धरनं ह्ये ह्यातलं सगळ्यात शेवटचं काम. चोर धरावा लागला म्हंजी आपलंच आदी चुकलं. नुसकान व्हायच्या आदीच वाट बंद करायची. त्येला लॉस प्रिव्हेन्शन म्हनत्यात." मला काय कळतंय? मी तिसरी शिकलो, ती बी अर्धी. गुरुजींची छत्री झाडावर टांगली, अर्धी तिसरी तितंच ऱ्हायली.

पर एक खरं सांगू का? तिचा डिप्लोमा बारामतीत न्हाय झाला. माझ्या खांद्यावर झाला. दोनशे मेंढरं हुती माझी तवा, धरणाचं पानी हटलं की त्या गाळपेराच्या गवतावर घिऊन जायाचो. ही चार वर्सांची, खांद्यावर. मी शिकवलं तिला, "बाई, मेंढराचं त्वांड बघू नगं, त्वांडं समद्यांची सारखीच. चाल बघ. लंगडतंय कोन, मागं ऱ्हातंय कोन, उगंच घाईत हाय कोन." आन पोरगी अशी तयार झाली, अशी तयार झाली, की मी साळंच्या दिवशी तिच्या वहाणा लपवायचो, कवा कनगीत, कवा पत्र्यावर, कवा म्हशीच्या दावणीत, ही माझ्याकडं बघायचीसुदिक न्हाय. मी घरात कुठनं कुठं चाललो येवढं बघायची, आन नीट जाऊन वहाणा काढायची! गावात मला धरनारी ती येकटी. आन आज बघा, तिच्या पायात काळं बूट, पालिश केल्यालं, आन मी बसलोय हितं अनवाणी!

तर तिला लागली नोकरी. बारामतीत मोठं दुकान हाय, तीन मजली, काचंचं, आत गेलं की थंडी वाजती आन भाजीवर पावूस पडतो. साहेब म्हनला, तीन म्हैनं बघनार, मग पक्की ऑर्डर. पोरीनं तीन म्हैनं येक खाडा केला न्हाय. शेवटचा दिवस कवा आला? होळीला. होळीलाच यावा का त्यो? दिवाळी हुती, संक्रात हुती, बेंदूर हुता... होळी!

आता होळी म्हंजी काय त्ये तुमाला सांगायला नगं. होळीला इकत आनल्यालं लाकूड चालत न्हाय, चोरल्यालंच लागतं. ही गावाची रीत हाय. होळीची चोरी म्हंजी चोरी न्हाय, बोंबलंल त्यो येडा. हिंदुरावाच्या परसाकडचं दार मी दोनदा होळीत घातलंय, त्यातल्या येकदा त्यो आत हुता! बसला बोंबलत, आन बाहेर बी समदी बोंबलत हुती, कुनाला कळायचं?

तर माझ्या डोस्क्यात आलं. म्हनलं, आपली नात आता पक्की ऑफिसर व्हनार. हिच्या नाकाखालनं येक लाकूड आनायचं, संध्याकाळी होळीत टाकायचं, आन तिला सांगायचं, "बाई, शिकलीस खरी, पर आज्याला न्हाय धरलंस!" बास, येवढंच. गंमत. वाईट काय हुतं का मनात? देवाशपथ न्हाय. पर तुमाला सांगतो, मानसाची निम्मी नुसकानी गमतीनंच हुती.

मिशा काढल्या! ह्या, ह्या अशा हुत्या, कानापातूर. न्हावी दोनदा म्हनला, "तात्या, घरात इचारून आलाय न्हवं?" दादासोची पँट घातली, जन्मात पयल्यांदा. धोतरात मानूस मोकळा असतो वो, पँटीत कसं, दोन पोत्यात दोन पाय कोंबल्यावानी. टोपी काढली, तोंडाला रुमाल बांधला. गेलो दुकानात. पोरगी दारात, निळा ड्रेस, कमरंला पट्टा, अशी ताठ हुबी... मला बघून भरून आलं. तितनंच माघारी फिरलो असतो तर? पर न्हाय!

वर भांड्यांच्यात गेलो, लाटणं दिसलं. शिसवाचं, चांगलं वीतभर न्हाय, हातभर. कपड्यांना काळं बटन लावत्यात, दारात किंचाळतं, ह्ये तिनंच घरी सांगितल्यालं. लाटण्याला बटन न्हाय, बघून घेतलं. सोडलं पँटीत. त्ये गेलं खाली, गुडघ्याच्या मागं जाऊन बसलं, आन पाय झाला सरळ. वाकतच न्हाय! बिस्किटाचा पुडा घेतला, रीतसर पैसं दिलं, आन निघालो असा... टाक, ओढ, टाक, ओढ... दारात आलो. तिनं बघितलं. वरपासनं खालपातूर बघितलं. मी म्हनलं, मेलो. आन ती काय म्हनली म्हायती? दार धरलं उघडून आन म्हनली, "सावकाश जावा, आजोबा."

आजोबा! आबा न्हाय, आजोबा! म्हंजी वळखलं न्हाय! असा आनंद झाला मला, तसाच लंगडत स्टँडापातूर गेलो, एसटीत दोन शिटांवर पाय लांब करून बसलो, कंडक्टर म्हनला, "पडला का बाबा?" मी म्हनलं, "न्हाय, जिंकलो!"

दिवस मावळायला होळीवर समदी गोळा झाली, मी लाटणं हातात धरून नाचलो. "ऑफिसराच्या नाकाखालनं आनलंय!" हिंदुराव हसून हसून खाली बसला. सारजा म्हनली, "मिशा गेल्या त्या गेल्या, संगट अक्कल बी गेली." आन तवर एसटीतनं दिपाली उतरली. निळा ड्रेस घडी करून पिशवीत. अंगावर घरचा पंजाबी. आली, माझ्या हातातलं लाटणं घेतलं, फडक्यात गुंडाळलं. म्हनली, "ह्ये मालकाचं हाय आबा, उद्या पोचवायला पायजे." हिंदुराव म्हनला, "काय गं, ड्रेस धुवायला आनलास व्हय?" ती म्हनली, "व्हय." आन घरात गेली.

मंडळी, तिनं मला वळखलं हुतं. मी दुकानात पाय टाकला तवाच. मिशा न्हाय, टोपी न्हाय, पर चाल? त्वांड बघू नगं, चाल बघ! कुनी शिकवलं? मीच न्हवं! पँट घालून दोन पायावर चालनारं त्ये जुनं मेंढरू तिनं लांबनं वळखलं, आन धडधाकट मानूस जाताना लंगडा झाला ह्ये बी वळखलं. तरी मला जाऊ दिलं, म्हनून त्याच दिवशी तिची नोकरी गेली.

मी म्हनलं, "मग धरलं का न्हाईस मला? धरायचं हुतं, तुजी ऑर्डर पक्की झाली असती!" तर म्हनली, "आबा, तितं ज्येला धरत्यात त्येचा फोटू काढून भितीला लावत्यात. आत येनारं-जानारं सगळं बघतंय. तुमी चोर न्हाय ह्ये मला ठाव हाय, भितीला ठाव न्हाय. मला नोकरी दुसरी मिळंल. तुमचा फोटू उतरला नसता."

नीट बघा, मी जिंकलो न्हवतोच. तिनं मला जिंकू दिलं हुतं!

धुळवड झाल्यावर मी लाटणं घिऊन गेलो साहेबाकडं. धोतर नेसून, टोपी घालून, मानसासारखा. पाया पडाया वाकलो त्येच्या, पोरगं तिशीचं, घाबरून मागं सरलं. म्हनलं, "साहेब, माझा फोटू लावा, दोन लावा, येक मिशांचा आन येक बिनमिशांचा, पर पोरीला घ्या." त्येनं कॅमेऱ्यातलं दावलं मला. पोरगी माझ्या पायाकडं बघती, मग माझ्या डोळ्याकडं बघती, आन मग... मान फिरवून रस्त्याकडं बघती. साहेब शांतपणे म्हनला, "आजोबा, नजर चुकली असती तर समजून घेतलं असतं. सगळ्यांची चुकते. तिनं नजर वळवली. ह्या कामात तेवढं एकच चालत नाही." आन वाईट काय, साहेबाचं चुकत न्हवतं वो. माझ्या कुत्र्यानं लांडग्याला बघून त्वांड फिरवलं असतं तर मी त्ये कुत्रं ठिवलं असतं का?

म्हैना झाला त्येला. पोरगी रागावली न्हाय. रागावली असती तर बरं झालं असतं. "आबा, जेवला का. आबा, गोळी घेतली का." पावन्याशी बोलल्यावानी. मी दोनदा तिच्या वहाणा लपवल्या, मुद्दाम अशा की आंधळ्याला बी घावाव्यात. तर तिनं शोधल्याच न्हाईत. आईच्या घातल्या आन गेली. तुमाला सांगतो, मिशा परत आल्या निम्म्या, बघा हात लावून... पर त्ये न्हाय आलं.

आन काल कळलं, बारामतीच्या एमआयडीसीत येका कारखान्यात मुलाखत हाय. गेटावरची सुपरवायझर. मी मनात ठरवलं, आपुन मागनं जायाचं. उगं गंमत करायला न्हाय, शपथ! गेटावर साहेब घावला तर येवढंच सांगायचं, "पोरगी सोन्यावानी हाय, तवाची चूक माझी हुती." कुनाला बोललो न्हाय. सारजाला न्हाय, दादासोला न्हाय. फकस्त सकाळी लवकर अंघूळ केली, धुतल्यालं धोतर नेसलो आन घरात दोन चकरा मारल्या.

चकरा मारल्या... चाल बघितली तिनं!

बाहेर यिऊन बघतोय तर माझ्या वहाणा न्हाईत. दादासोच्या न्हाईत. सारजाच्या बी न्हाईत, ती आत बसलीया शिव्या देत. घरातलं येकूणयेक पायताण गायब! पळालो तसाच अनवाणी, फुफाटा उडवत, फाट्यावर पोचलो तर एसटी हललेली. आन खिडकीतनं हात बाहेर, हातात माझी टायरची वहाण, अशी हालवतीया, अशी, आन हसतीया वो! दात दिसत्यात सगळं! म्हैन्यानं हसली! आन वरडली, "सावकाश जावा घरी, आबा!"

आबा म्हनली. आजोबा न्हाय.

तवा आता लागती का न्हाय नोकरी, त्ये संध्याकाळच्या गाडीलाच कळंल. मी आपला हितंच बसनार. जावंसं वाटतंय, पर जातो कशावर? मघाशी म्हनलं, तुमच्यापैकी कुनाच्या तरी वहाणा पायरीखाली निघतील, हळूच पाय घालावा आन भिगवणची गाडी धरावी... पर तुमी तर समदी मांडीवर घिऊन बसलाय, धा मानसं, धा जोड, घट्ट धरून! आन हिंदुराव तर उरावर! आत्ता माझ्या ध्यानात येतंय. जाताना घरोघर सांगून गेली न्हवं, कार्टी?