फाटकावरचा निळा

रंगाच्या दुकानात शाळेच्या बाईंना फक्त पांढऱ्या रंगाचा एक डबा हवा होता. पण रांगेत त्यांच्या पुढे दोन म्हातारे शेजारी होते आणि त्यांनी चक्क एक लोखंडी फाटक उचलून आणलं होतं.

"या ओरखड्यातला निळा बनवून द्या. माझ्या जुन्या ट्रकसाठी," ट्रकवाला दुकानदाराला म्हणाला.

"मग ट्रकचाच पत्रा आणायचा ना, काका."

"ट्रक तीनदा रंगवलाय. कारखान्यातला मूळ रंग कुठेच उरला नाही."

"माझ्या फाटकावर तेवढा उरलाय," फाटकवाला म्हणाला.

"तुमच्या फाटकावर कसा आला?"

"एकतीस वर्षं मी याला तेच विचारतोय!"

"मी धडक दिलीच नाही. दुसऱ्या कुणाचा ट्रक असेल."

"मग दुसऱ्याच्या ट्रकचा रंग कशाला, काका? हा तयार निळा न्या. थोडं डावं-उजवं होईल."

"छे! डावं-उजवं नाही चालायचं. हाच हवा. अगदी हाच!"

"ऐकलंत ना, बाई?" फाटकवाल्याने मागे वळून विचारलं.

बाईंनी घाईघाईने मान डोलावली.

"बरं, डब्यावर रंगाचं नाव काय लिहू?"

"'यानेच दिलेली धडक' असं लिहा."

ट्रकवाल्याने ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"लिहा. पण फाटक मध्ये आलं होतं, तेही खाली लिहा."