आत्ताच जेवले

हॅलो?… हॅलो, कोण?… ढबू, तू होय! क्षणभर… काही नाही गं. आपली मधलीच बोलतेय असं वाटलं. आवाज किती खोल गेलाय तुझा.

हो, हो… थांब, मशीन बंद करते. हां, बोल… कुडता आत घ्यायचाय? अगं, परवाच तर घेतला!… पुन्हा सैल? आता आणखी आत घेतला तर खिसे पाठीवर जातील, बाई.

जेवलीस का?… आत्ताच जेवले? काय जेवलीस?… नाही, काय ते सांग… रस म्हणजे जेवण नव्हे. आणि ‘आत्ताच जेवले’ मला म्हणू नकोस. मधली हेच म्हणायची, याच सुरात. अजून दार वाजलं की वाटतं, तीच आलीय, कपडा आत घ्यायला.

कोण म्हणालं?… साखर बंद, धान्य बंद, दूध बंद… मग खायचं काय, हवा? त्या व्हिडिओवाल्यानं तुझे रिपोर्ट पाहिलेत का? हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाई बोलल्या तेव्हा मी शेजारी होते. भाज्या, फळं, डाळी भरपूर खा, दारू नको, रोज चाला… आणि वजन उतरू देऊ नका!… हो, कबूल. कॅन्सर परत येणारच नाही, असं त्याही म्हणाल्या नाहीत. कोण म्हणेल?… अगं ऐक ना… रडू नकोस…

काय?… कुठला केक?… माझ्या लेकीच्या लग्नातला? मधलीनं तो खाल्ला, पथ्य मोडलं, म्हणून आजार परतला?… हे घेऊन बसलीयस तू इतके दिवस?

ढबू, मी बघत होते. बशी घेतली तिनं, फोटोपुरती. मग फोटोवाल्याच्याच हातात दिली. बोटसुद्धा चाटलं नाही… अगं, शपथ कशाला? मीच तिच्या पोलक्याला पाठीमागून पिना लावल्या होत्या, खांद्यावरून गळत होतं म्हणून.

नाही… नाही परतला. तपासण्या स्वच्छ होत्या. साधा न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, अंगात लढायला काही उरलंच नव्हतं… तुझी किमो चालू होती ना! तिच्या नवऱ्यानं हात जोडले, धाकट्या बहिणीला यातलं काही कळू देऊ नका म्हणाला. तू केकाचं काय जुळवत बसशील, आम्हाला काय ठाऊक?

हॅलो?… आहेस ना?… घरात काय आहे? ब्रेड? अंडी?… मग टाक उकडायला. फोन ठेवू नकोस, मी थांबते… भांड्याचा आवाज आला. हां.

काय?… पुन्हा सांगू?… सांगते. गॅसजवळ उभी आहेस ना, नीट ऐक.

माझ्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी, नोव्हेंबरात, मंगळवारी सकाळी मधली गेली. कॅन्सरनं नाही. भुकेनं.